खडा पडला तर नाचेन

मी कोल्हापुरात खोट्या दागिन्यांच्या कारखान्यात कामाला होते असं सांगितलं, की समोरची बाई पहिल्यांदा माझ्या गळ्याकडे बघते. मग हळूच विचारते, "हे खरं आहे ना हो?" हे म्हणजे मंगळसूत्र. खरं आहे. सासूबाईंनी घातलेलं आहे आणि त्यात चिकटवलेलं काहीही नाही. काम मात्र मी जन्मभर चिकटवलेल्या वस्तूंचंच केलं. दागिन्यातला खडा पडतो का, कधी पडतो आणि का पडतो, हे बघायचं. अशी नोकरी जगात असते यावर माझ्या माहेरच्यांचा अजूनही विश्वास नाही. त्यांना वाटतं मी शिवणकामाला जात होते.

कारखाना म्हणजे शनिवार पेठेतल्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत आम्ही चार बायका मांडीवर पाट घेऊन खडे बसवत असू. मालक दस्तगीरभाई. पांढरी दाढी, गोल टोपी, पोट पुढे आणि आवाज त्याच्याही पुढे. त्यांचे वडील नाटक कंपन्यांचे मुकुट करायचे. रंगमंचावरचा कुठलाही राजा भाईंना थोडा घरचाच वाटायचा. "त्या राजाचं डोकं मोठं हुतं," असं ते एखाद्या नातेवाइकाबद्दल बोलावं तसं बोलायचे.

धंदा थोडा समजावून सांगते. सोनार खऱ्या दागिन्यात खडा सोन्याच्या नखांनी धरून ठेवतो. आमचा पत्रा पितळेचा. त्याला नखं काढायची तर मजुरी दागिन्याच्या वर जायची. म्हणून पत्र्यात खड्याच्या मापाचं घर ठोकायचं, घरात मसाला घालायचा आणि वर खडा दाबायचा. चिकटवायच्या कुठल्याही वस्तूला आम्ही मसालाच म्हणायचो. खडा काचेचा, पण त्याच्या पाठीला रुपेरी लेप असतो आणि चमक सगळी त्या लेपाची. लेप गेला की खडा काळा ठिक्कर पडतो. त्याला आम्ही 'आंधळा खडा' म्हणायचो. म्हणजे मसाला असा हवा की त्याने खडा घट्ट धरावा, पण त्याचे डोळे खाऊ नयेत. दस्तगीरभाईंचा मसाला वडिलांकडून आलेला होता. लाख तापवायची आणि त्यात विटेची वस्त्रगाळ पूड कालवायची. मोठा दागिना लाखेचा, स्वस्तातला सरसाचा, असं वर्षानुवर्षं चाललं होतं आणि कुणाची काही तक्रार नव्हती.

तक्रार आली ती वैशाखात, रिक्षात बसून. सत्तर सालच्या आसपासची गोष्ट.

रिक्षातून मैनाबाई उतरल्या. तमाशाच्या फडाच्या मालकीण त्याच आणि नाचायच्याही त्याच. एका बाजूने त्यांच्या मॅनेजरने, आण्णाने, धरलेलं. लंगडत आत आल्या, स्टुलावर बसल्या आणि पट्ट्या बांधलेला पाय सरळ काउंटरवर ठेवला.

"भाई, बघा."

भाईंनी मान भिंतीकडे वळवली. "बाई, पाय खाली घ्या. दुकान हाय ह्ये."

"ह्याच पायावर माझा सारा फड जेवतोय. बघा म्हनते न्हवं!"

झालं होतं असं. एका गावच्या जत्रेत लावणी ऐन रंगात आलेली असताना मैनाबाईंच्या कमरपट्ट्याचे आणि गळ्यातल्या पट्टीचे खडे गळायला लागले. पाय अनवाणी आणि ताल द्रुत. काच तळव्यात घुसली तरी लावणी संपेपर्यंत त्या थांबल्या नाहीत.

"लोक आमच्या अंगावर पैसं फेकत्यात," मैनाबाई म्हणाल्या, "आन् मी लोकांच्या अंगावर खडं फेकालते."

आण्णाने भर घातली, "निम्मं पब्लिक ष्टेजवर चढलं भाई, खडं गोळा कराय. खरं हाय वाटलं त्यांस्नी."

एवढ्या सगळ्यातही भाईंचा चेहरा क्षणभर उजळला. "खरं वाटलं?"

मैनाबाईंनी असं बघितलं की तो लगेच विझला. "टाकं पडलेत भाई. पुढच्या समद्या जत्रा बुडाल्या. फडातल्या पोरी माझ्या तोंडाकडं बघत्यात, आन् मी ह्या पायाकडं."

आता भाईंनी पाय बघितला.  मग म्हणाले, "दसऱ्याला फड भाईर पडायच्या आत नवा साज देतो. पदरचा खर्च करून देतो."

"आन् परत पडलं तर?"

"न्हाय पडायचं."

"पन पडलं तर?"

मागे आण्णा फिसकन हसला. भाई चिडले की त्यांचे कान लाल व्हायचे. ते झाले आणि भाई गरजले, "खडा पडला तर मी सोता पायात चाळ बांधून तुमच्या फडात नाचीन!"

मागच्या खोलीत आम्हा चौघींचे हात थांबले. एवढा मोठा माणूस, मशिदीत पुढच्या रांगेत बसणारा. बोलून गेल्यावर भाईंनाही ते ऐकू आलं असावं, कारण त्यांनी टोपी काढून परत घातली.

आण्णा म्हणाला, "बाई, आता पडावंच आसं वाटालंय मला."

ते गेले आणि भाई मागच्या खोलीत आले. एकेकीकडे बघत माझ्यापाशी थांबले. "विमल, तुझा दीर पैलवान हाय न्हवं?"

"व्हय."

"घाम लई येतोय त्येला?"

"घाम म्हंजे? चादर पिळून वाळत घालतो आम्ही."

"मग आजपासून तू खडं बसवायचं न्हाईस. मसालं बघायचं."

माझी बढती अशी दिराच्या घामावर झाली. हुशारी वगैरे काही नव्हती.

मी चार मसाले घेतले. एक भाईंची लाख. दुसरा सरस, म्हणजे कातडी-हाडं उकळून केलेला. तिसरा बाटलीतला पिवळा रबरी. चौथा मुंबईहून नवीनच आलेला, दोन नळ्यांचा. दोन्ही नळ्यांतलं सारखं-सारखं घेऊन कालवायचं. वेगवेगळं असताना दोन्ही बिनकामाचं, एकत्र आलं की दुसऱ्या दिवशी दगड. मात्र एक जरा जास्त झालं तर जन्मभर काकवीसारखं चिकचिकत राहायचं. प्रत्येक मसाल्याच्या मी गळ्याशी बसतील अशा पट्ट्या केल्या आणि ओळखायला त्यांना वेगवेगळ्या रंगाचे दोरे बांधले. बाईच्या अंगावरच्या दागिन्याला तीन वैरी असतात: घाम, दमट हवा आणि उष्णता. तिन्हींपुढे या पट्ट्या उभ्या करायच्या होत्या.

घामाचं काम दिराकडे. तानाजीभावजी तालमीत निघाले की मी त्यांच्या दोन्ही दंडांना दोन-दोन पट्ट्या बांधायची. पहिल्याच दिवशी वस्तादांनी बघितलं.

"तान्या, दंडाला काय रं ह्ये? लगीन ठरलं काय तुझं?"

"वैनीचं हाय वस्ताद."

"वैनीचं हाय तर तू कशाला घातलंईस?"

"तिला घाम पायजे म्हनली."

वस्तादांनी यावर थोडा विचार केला म्हणे. मग म्हणाले, "मग जोर काढ की आनी थोडं. वैनीला कमी पडाय नगं."

हे सगळं भावजींनीच घरी येऊन सांगितलं, दमून भिंतीला टेकून. पुढच्या आठवड्यात शिरोळकडच्या एका मैदानात त्यांची कुस्ती होती. आखाड्यात उतरायच्या आधी त्यांनी सगळ्यांसमोर पट्ट्या सोडून मित्राच्या हातात दिल्या आणि त्यांच्यापेक्षा दांडग्या पैलवानाला चीत केलं. मग काय! दोन दिवसांनी सकाळी दार वाजलं. मी उघडलं तर उंबऱ्यात तीन पैलवान, तिघांच्याही माना खाली.

"वैनी, पट्टी हाय का?"

"कसली पट्टी?"

"तान्याला बांधलीया ती. कुस्ती मारायची."

मी परोपरीने सांगितलं की बाबांनो, त्यात मंतरलेलं काही नाही, त्यात सरस आहे.

"सरस आसू दे न्हाईतर काय बी आसू दे. बांधा तुम्ही."

सासूबाई आतून ओरडत होत्या, "विमल, कोन आलंय गं?" आणि मी दारात तीन अनोळखी पैलवानांच्या दंडाला खड्यांच्या पट्ट्या बांधत होते. भाईंना सांगितलं तर ते टाळी वाजवून म्हणाले, "फुकटचा घाम! आनी कुनी आलं तर न्हाय म्हनू नगंस."

घामाने पहिला बळी सरसाचा घेतला. तो विरघळला आणि त्याला असा वास सुटला की भावजींना सासूबाईंनी घरामागच्या परड्यात झोपायला पाठवलं. रबरी मसाल्याची तऱ्हा निराळी. तालमीतल्या तेलाने तो मऊ पडला आणि खडे घरं सोडून चालायला लागले. एक खडा पट्टीवरून निसटून भावजींच्या कोपरापर्यंत गेला, पण पडला म्हणून नाही. वर त्या रबराने लेप खाल्लेला, सगळे खडे आंधळे. लाख आणि दोन नळ्यांचा मसाला मात्र तसेच होते.

"बघ!" भाई म्हणाले, "अब्बाची लाख हाय ती. तिला घामानं काय हुतंय?"

दमट हवेसाठी चंदगड. पावसाळ्यात तिथे भिंतींनाही शेवाळ येतं आणि माझी नणंद शालन तिथेच दिलेली. मी एस.टी.च्या कंडक्टरकडे पट्ट्यांचं पुडकं दिलं आणि निरोप सांगितला, "आमच्या वन्संना म्हणावं, चुलीपासून लांब, भिंतीवर टांगून ठेवा आणि पंचमी झाल्यावर परत पाठवा." कंडक्टरने पुडकं पोचवलं. निरोप वाटेत कुठल्या तरी घाटात सांडला.

शालनवन्संना वाटलं वैनीने पंचमीला दागिने पाठवले. लग्नानंतर इतक्या वर्षांनी वैनीला बुद्धी सुचली म्हणून त्यांचा ऊर भरून आला. त्यांनी अख्खी आळी बोलावून ते पुडकं दाखवलं आणि नागपंचमीला त्यातली सगळ्यात झगमगीत पट्टी निवडून गळ्यात घातली. ती नेमकी सरसाची. तोवर भिंतीवरच्या ओलीने सरस लापशीसारखा झालेला. वन्सं फुगडीला उभ्या राहिल्या. फुगडी जोरात आली आणि खडे चहूबाजूंना उडायला लागले. एक सरपंचांच्या सुनेच्या कपाळाला लागला. एक गाणं म्हणणाऱ्या म्हातारीच्या उघड्या तोंडात गेला आणि तिने तो बडीशेप समजून चावला.

वन्सं स्वतः पुडकं घेऊन कोल्हापूरला आल्या. चप्पल न काढता आत आल्या यावरूनच मी ओळखलं.

"वैनी, आसलं पाठवायचं हुतं तर विष पाठवायचं हुतं!"

"आवं वन्सं, ते घालायला नव्हतं. पडतंय का बघायला होतं."

"मग बघितलं की समद्या गावानं!"

त्या रडत होत्या आणि मला हसू आवरत नव्हतं, आणि हसू दिसलं तर माझं या घरात काही खरं नव्हतं. मी पदरात तोंड घालून त्यांच्याबरोबर रडल्यासारखं केलं. नंतर त्यांना एक चांगली पट्टी करून दिली, पण त्यांनी ती अजून गळ्यात घातलेली नाही. पुडक्यातल्या उरलेल्या पट्ट्या मी रात्रीचं जेवण उरकल्यावर हळूच उघडल्या. लाख शाबूत. दोन नळ्यांचा शाबूत.

राहिली उष्णता. तमाशाचे पेटारे दिवसभर ट्रकच्या टपावर उन्हात तापतात, आणि नाचताना वर मोठाले दिवे. आमचे मालक, म्हणजे यजमान, उद्यमनगरातल्या फौंड्रीत होते. तिथल्या भट्टीजवळ पट्ट्या टांगायच्या एवढंच काम. पण का कोण जाणे, भाई ते पुढे ढकलत होते. आज नको, शुक्रवार आहे. उद्या नको, पाऊस आहे. भट्टीला पावसाचं काय, हे विचारायची सोय नव्हती. शेवटी मीच एके सकाळी दोन्ही पट्ट्या यजमानांच्या हातात दिल्या.

संध्याकाळी ते घरी आले आणि जेवणाचा डबा पुढे सरकवला. "ही घे तुझी पट्टी. आमटी झालीया."

लाख वितळून सगळे खडे डब्याच्या तळाशी घसरले होते आणि तिथेच परत घट्ट झाले होते. दोन नळ्यांची पट्टी जरा मऊ पडलेली, पण गार झाल्यावर पूर्वीसारखी. एकही खडा हललेला नव्हता.

मी डबाच घेऊन दुकानात गेले. भाईंनी तो बराच वेळ हातात धरला. मग नखाने लाख खरवडून बघितली, वास घेतला आणि म्हणाले, "विटंची पूड कमी पडली आसंल. बघ पुन्यांदा."

या वेळी मसाला त्यांनी स्वतः केला. पूड जास्त घातली, खडेही स्वतः बसवले. इतकी सुबक पट्टी आमच्या कारखान्यात त्यानंतर झाली नाही. मी मनातल्या मनात म्हणत होते, टिकू दे बाई. दुसऱ्या दिवशी यजमानांनी डबा दिला तेव्हा मी उघडायच्या आधी हलवून बघितला. आत खडे वाजले.

भाईंना काही सांगावं लागलं नाही. माझा चेहरा बघून ते उठले, लाख तापवायची शेगडी उचलून माळ्यावर ठेवली आणि तिच्यावर गोणपाट टाकलं. वडिलांनी त्या शेगडीवर काम केलेलं, यांनीही मिसरूड फुटायच्या आधीपासून. खाली उतरून त्यांनी हात पुसले.

"चल. नळ्या आन."

एवढंच बोलले. पण त्या दिवशी दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाशी त्यांनी घासाघीससुद्धा केली नाही.

साज झाला. कमरपट्टा, पट्टी, बाजूबंद, कानातले झुबे. मसाला मी कालवायची आणि भाई समोर बसून दोन्ही नळ्यांतलं सारखं पडतंय का बघायचे. त्या नव्या मसाल्याने माझ्या बोटांची सालपटं निघाली. पुढे पुढे बोटांना असा चट्टा आला की भाकरी थापताना डोळ्यांतून पाणी यायचं. हातमोजे घालावेत हे तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्ही कुणाला विचारलंही नाही. आजही म्हशीचं आंबोण कालवायला मी डावा हात वापरते. या धंद्याचा मला राग असा एवढाच.

दसऱ्याच्या आधी एका दुपारी भाई आणि मी साज घेऊन फडाच्या मुक्कामी गेलो. मैनाबाई म्हणाल्या, "मी नुसतं बघून घेनार न्हाई. नाचून घेनार." तंबूत दुपारचं ऊन कोंडलेलं. फडातली सगळी माणसं गोल करून बसली, अगदी स्वयंपाकीणसुद्धा पिठाच्या हातांनी आली. आण्णा सगळ्यांत पुढे. त्याने मुद्दाम चाळांची एक जोडी भाईंच्या पुढ्यात आणून ठेवली.

"मापाचं हाईत का बघा भाई."

मी बरोबर पांढरी चादर नेली होती. ती जमिनीवर अंथरली, म्हणजे पडलेला खडा लपायला नको. मैनाबाईंनी साज चढवला, तळवे एकदा चोळले आणि चादरीवर उभ्या राहिल्या. जखम भरून आली होती, तरी पहिलं पाऊल त्यांनी भीत टाकलं. ते मला दिसलं, भाईंनाही दिसलं. मग ढोलकी सुरू झाली.

ढोलकीवाल्याला आण्णाने आधीच पढवलं असणार. एवढी द्रुत ढोलकी मी नंतर ऐकली नाही. मैनाबाईंची भीती चारदोन गिरक्यांत गेली आणि त्या अशा नाचायला लागल्या की चादर पायांखाली गोळा होऊ लागली. आण्णा मांडीवर हात आपटत, टाळ्या पिटत, "आनी जोरात! आनी जोरात!" करत होता. भाई डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होते.

ढोलकी थांबली. मैनाबाई धापा टाकत बाजूला झाल्या. चादरीच्या मधोमध एक लाल खडा पडला होता.

 मग तंबू फुटेल असा ओरडा झाला. आण्णा तर उठून नाचायलाच लागला. भाईंनी डोळे उघडले, खडा बघितला आणि वाकून पायताण काढू लागले. मैनाबाई म्हणाल्या, "भाई, ऱ्हाऊ द्या. मस्करी हुती ती." भाई म्हणाले, "न्हाय बाई. जबान दिल्ती मी." पोट आड येत होतं म्हणून त्यांना चाळ बांधता येईना. शेवटी मैनाबाईंनीच खाली बसून त्यांच्या एका पायात चाळ बांधले.

मला रडू येत होतं. मैनाबाईंच्या अंगावरून उतरवलेली पट्टी, कमरपट्टा, सगळं ओंजळीत घेऊन मी एकेका घरावरून बोट फिरवत होते. पुढून फिरवलं, मागून फिरवलं. एकही घर मोकळं नव्हतं.

"थांबा!" मी ओरडले. "ह्यो खडा आमचा न्हवं!"

"आता गं!" आण्णा म्हणाला. "आमचा न्हवं म्हनं. मग काय आभाळातनं पडला?"

असं म्हणून त्याने आभाळाकडे हात केला आणि मला त्याच्या बोटातली अंगठी दिसली. ज्योतिष्याने सांगितलं म्हणून त्याने गुजरीत, म्हणजे आमच्या सोनारांच्या पेठेत, करून घेतलेली, सोन्याची, आत अस्सल माणिक. म्हणजे तोवर होतं. आता तिथे नुसतं भोक होतं. टाळ्या पिटून पिटून त्याने सोन्याची नखं उघडली होती.

आण्णाने हाताकडे बघितलं, मग चादरीकडे, आणि असा झेपावला की स्वयंपाकीण आडवी झाली.

मैनाबाई हसत सुटल्या त्या थांबेनात. हसता हसता भाईंना म्हणाल्या, "सोडा आता चाळ."

भाई उभे राहिले. एका पायात चाळ, दुसरा पाय मोकळा. त्यांनी पाय एकदा आपटला. छुन्न झालं. आवाज त्यांना आवडला असावा. ढोलकीवाल्याकडे बघून म्हणाले, "बांधलंच हाय तर..." ढोलकीवाल्याने हलकेच थाप दिली आणि दस्तगीरभाई नाचले. दोन पावलं पुढे, दोन मागे, हात कानाशी. वाईट नाचले नाहीत. परत येताना रिक्षात मला म्हणाले, "विमल, घरी ह्येतलं काय बोलायचं न्हाई. आमची बायकू तुझ्या सासूला वळखती."

तो साज मैनाबाईंनी पुढे किती जत्रा वापरला याचा हिशोब नाही. आमच्याकडे मात्र त्यानंतर बाहेरगावाहूनही माणसं यायला लागली आणि मसाले बघणं हे माझं कायमचं काम झालं. पुढे क्षणात चिकटणारा मसाला आला. त्याने खडा चिकटायच्या आधी आमची बोटं चिकटायची आणि खड्यावर पांढरी पिठी धरायची. त्यानंतर साच्यातून अख्खे निघणारे दागिने आले. खडा आणि पत्रा सगळं एकच. पडायला काही उरलं नाही, मग बघायला तरी काय उरणार?

धंदा असा आटत आलेला असतानाच मैनाबाई परत दुकानात आल्या. केस पांढरे, डोक्यावर पदर. फड केव्हाच मोडला होता. बरोबर त्यांची भाची सुनंदा होती, त्यांनीच वाढवलेली, शाळेत शिक्षिका झालेली. तिचं लग्न ठरलं होतं. मैनाबाईंनी रुमालातून ती गळ्यातली पट्टी काढली.

"भाई, ह्येतलं खडं काढून दुसऱ्या दागिन्यात बसवून द्या. माझ्याकडचं तिला कायतरी जावं. पन तमाशातलं हाय म्हनून कुनी वळखाय नगं."

भाई आता थकले होते, नजर अधू झाली होती. त्यांनी चिमटा लावला. खडा निघेना. मी गरम पाण्यात ठेवून बघितलं, टाचणीने कडा उकरली, लाकडी हातोडीने मागून ठोकलं. पितळ वाकलं, खडा नाही हलला. तापवला असता तर निघाला असता, पण आंधळा होऊन. तासभर आम्ही झटलो. भाईंनी घाम पुसला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "येवढं चांगलं चिकटवाय कुनी सांगितलंतं गं तुला?"

सुनंदाने पुढे होऊन पट्टी उचलली, आरशात बघून गळ्याशी धरली आणि म्हणाली, "मावशी, अशीच घालते मी. छान दिसतीया की." मैनाबाईंनी रुमालाची घडी करून कमरेला खोचली. भाईंनी वाकलेलं पितळ सरळ केलं, सोनेरी पाणी दिलं आणि जुना दोरा काढून नवा गोंडा लावला.

लग्न शिरोळकडे होतं. नवऱ्याकडची माणसं बागायतदार, मोठी. अक्षता पडल्या, आहेर सुरू झाला. मैनाबाई आणि मी मांडवात बायकांत मागे बसलो होतो. नवऱ्याचे थोरले चुलते आहेर द्यायला पुढे आले. मोठा फेटा, भरघोस मिशा, गावात त्यांच्या शब्दाबाहेर कुणी नसावं असे. त्यांनी आहेर हातात दिला आणि सुनेच्या गळ्याकडे बघून ते थबकले. थबकले ते थबकलेच.

त्यांची बायको शेजारी होती. "काय बघालाय एवढं?"

"पट्टी... कुठंतरी बघितल्यागत वाटतीया."

"कुठं?"

चुलते आठवू लागले. आठवता आठवता त्यांच्या चेहऱ्यावर हसू यायला लागलं, मोठं, खुललेलं. मग ते हसू जागच्या जागी गोठलं.

"कुठं म्हनते मी?" बायकोने पुन्हा विचारलं.

"गुजरीत आसंल," ते म्हणाले. "गुजरीत असल्या लई आस्त्यात."

वळताना त्यांची नजर बायकांवरून फिरली आणि मैनाबाईंवर येऊन अडकली. त्यांनी फेटा चाचपला, खाकरले आणि पंगतीची व्यवस्था बघायला म्हणून जे गेले, ते जेवणं संपेपर्यंत मांडवाच्या पलीकडच्या टोकाला मीठ वाढत उभे होते. आमच्या पंगतीला शेवटपर्यंत मीठ आलं नाही.

मैनाबाई मान खाली घालून जेवत होत्या. मला वाटलं त्यांना लागलं असेल. मी हळूच म्हटलं, "त्यांनी ओळखलं वाटतं."

"व्हय," मैनाबाई म्हणाल्या आणि पदराआडून त्या पलीकडच्या टोकाकडे बघितलं. "मी बी वळखलं. शिट्टी लई चांगली वाजवायचं."